डोळा मारणारा लॅपटॉप

लॅपटॉप उघडून परत बसवला की एखादा स्क्रू हमखास उरतो. कुठला, ते विचारू नका! शहाद्याच्या बस स्टँडजवळच्या आमच्या दुकानात अशा स्क्रूंनी श्रीखंडाचा एक डबा भरलाय. किश्श्यांचंही तसंच आहे. काम उरकतं, गिऱ्हाईक जातं, किस्सा आमच्याकडं राहतो. त्यात स्क्रीन फडफडायची तक्रार असली, तर विचारायलाच नको!

माझा पार्टनर गुलाबभाऊ. जुना टीव्ही मेकॅनिक. हात भारी, धीर शून्य.

एकदा शेजारच्या गल्लीतल्या रिटायर्ड बाई तणतणत दुकानात शिरल्या. "गुलाब, सकायपासून तो मले डोळा मारी ऱ्हायना!"

गुलाबभाऊ ताडकन उठला. बाह्या सरसावल्या. "कोन तो? कोठे शे? दखाड मले!"

बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडं बोट दाखवलं. "हाऊ!"

* * *

तापीकाठचे केळीवाले कांतिभाई. त्यांचा लॅपटॉप घरी फडफडायचा आणि दुकानात आला की शहाणा व्हायचा. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसलाच प्रकार. तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा मीच त्यांच्या घरी गेलो. बघतो तर विहिरीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, चार्जर गचके खातो आणि स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो.

म्हटलं, "मोटर चालू असताना चार्जर काढून काम करा."

आठवड्यानं कांतिभाई लॅपटॉप घेऊन पुन्हा हजर. "स्क्रीन एकदम टकाटक! पन दोन तासमा लॅपटॉप बंदच पडस. आते ते दुरुस्त कर!"

* * *

स्क्रीनची केबल सैल असली की फडफड होते. केबल नीट बसवायची, की काम झालं. पण गुलाबभाऊचा भरवसा अजून टीव्हीच्या जमान्यातल्या थापेवर! धानोऱ्याच्या एका गुरुजींचा लॅपटॉप आला. मी स्क्रूड्रायव्हर शोधेपर्यंत यानं झाकणावर दोन ठेवून दिल्या. फडफड गप्प! मला लाज वाटली, पण गुरुजी खूश.

"परत त्रास दिना तर तुम्हीच द्या एक," गुलाबभाऊ ऐटीत म्हणाला.

गुरुजींचा चेहरा पडला. "नको रे भाऊ! शाळामा हात उचलाले बंदी शे!"

* * *

पण खरी फजिती झाली ती रमिलाच्या वेळी. धडगावकडची पोर, नर्सिंग शिकलेली. एका डोंगरातल्या आरोग्य केंद्राच्या नोकरीसाठी तिची ऑनलाइन मुलाखत होती आणि अर्धा तास आधी ती फडफडणारा लॅपटॉप घेऊन आली. मोबाइल चालणार नाही, असं केंद्रानं आधीच कळवलेलं. आमच्या कम्प्युटरला कॅमेरा नाही. दोन ठिकाणचे नकार पचवून ती इथवर आलेली. डोळ्यांत पाणी होतं, पण पडू देत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

केबल आतून तुटत आलेली. नवी मागवायची तर दोन दिवस! झाकण अर्धवट मिटलं तरच स्क्रीन स्थिर राहायची आणि मग कॅमेऱ्यात नुसती ओढणी दिसायची.

शेवटी लॅपटॉप कपाटावर चढवला, गणपतीच्या फोटोशेजारी, म्हणजे खाली वळलेल्या कॅमेऱ्यात चेहरा येईल. रमिला खाली बसली. गुलाबभाऊ बाजूला स्टुलावर उभा राहून झाकण धरून. थाप न मारता नुसतं धरून, वीस मिनिटं! मी दारात उभा राहून गिऱ्हाइकांना खुणेनं परत पाठवत होतो.

मुलाखत बरी चालली होती. मध्येच मुलाखत घेणाऱ्या मॅडम थांबल्या. "तुम्ही सारख्या वर का बघताय?"

मी दारातून आत डोकावलो. रमिला मात्र शांत. "मॅडम, आमच्याकडं नेटवर्क वरच असतं. सवय झालीय."

मॅडम इतक्या हसल्या, की स्पीकरचा आवाज फाटला. "आमच्या केंद्रातही टेकडी चढल्याशिवाय फोन लागत नाही. तुम्हाला जमेल इथं! सोमवारी हजर व्हाल?"

ओढणीनं डोळे पुसत रमिला नुसतीच वर बघत राहिली.

तेवढ्यात वरून, गणपतीच्या बाजूनं, भारदस्त आवाज आला.

"येस मॅडम, येस!"