बिनतारखेचा झगा

केलेराच्या घरात शिरायला कुणाला परवानगी लागत नाही. फाटक ढकलायचं, चपला पायरीवर सोडायच्या, काखेतलं कापड मांडीवर घ्यायचं आणि चटईवर फतकल मारायची, झालं. शिलाई मशीन पुढच्याच खोलीत, त्यामुळे 'घरात नाही' असं सांगायचीही सोय नाही. मी तिची शेजारीण, लोसालिनी. तिची काज-बटणं आणि हातशिलाई मी करते, म्हणून हे सगळं मला रोज बघावं लागतं आणि रोज माझं डोकं फिरतं.

आमच्या फिजीत लग्न असो की मयत, अख्खं घराणं एकाच छापाच्या कापडात दिसलं पाहिजे. म्हणजे बाई येते एका झग्याचं बोलायला, आणि जाताना सासू, नणंदा, जावा, त्यांच्या पोरीबाळी, सगळ्यांचं कापड टाकून जाते. मयताचं असेल तर परवाच हवं असतं. मयताला नाही कसं म्हणणार? लग्नाला नाही म्हणावं, तर नवरी साकिउसाची, म्हणजे केलेराच्या नवऱ्याची, भाची निघते. त्यातून कुणी फारच हुशार असलं तर यंगोनाची, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाची, मुळी कागदात गुंडाळून आणतं, समोर ठेवतं आणि टाळ्या वाजवून रीतसर विनंती करतं. मुळीला हात लावला की बाई शब्दात अडकली. केलेराने आजवर प्रत्येक मुळीला हात लावलाय.

जेवणाचं तर विचारूच नका. आपण ताटावर असताना दारात कुणी दिसलं तर "या, जेवायला या" म्हणून हाक मारायचीच, ही आमची रीत. गिऱ्हाइकं ती बरोब्बर ओळखून असतात. साकिउसा बस चालवतो. दुपारी घरी आला की तो बिचारा आतल्या खोलीत दार लावून, पलंगाच्या कडेवर बसून, मांडीवरच्या थाळीतले कसाव्याचे उकडलेले कंद आणि डब्यातली मासळी चोरून खातो. स्वतःच्या घरात!

"हा माणूस एक दिवस बसमध्येच बिऱ्हाड करेल बघ," मी केलेराला म्हटलं.

"तिथेही हात दाखवून चढतील गं," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

शेवटी मीच तिच्यामागे लागून पाटी करवून घेतली. 'सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार. इतर वेळी फाटक बंद.' साकिउसाने निळ्या रंगात सुबक अक्षरं काढली. पहिल्याच शनिवारी आमच्या चर्चच्या पाळकांची बायको, पाळकीणबाई, आल्या. पाटीसमोर उभं राहून त्यांनी ती मोठ्यांदा वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि फाटक ढकलून आत आल्या.

"बरं केलंस हो केलेरा. बाहेरचे लोक फार त्रास देतात."

आमच्या या किनोया वस्तीत बाहेरचं म्हणजे कोण, ते मला अजून सापडायचंय.

केलेराची आई उनाइसी कान्दावू बेटावर एकटी राहायची. नाताळपासून केलेरा तिला फोनवर सांगत होती, पुढच्या बोटीने येते. बोट आठवड्याला सुटते. दर आठवड्याला कुणाचं तरी लग्न नाहीतर मयत उपटायचं आणि बोट केलेराशिवाय जायची. शेवटी जूनमध्ये म्हातारीच बोटीत बसून आली. केलेरा धावत फाटकाशी गेली, आईच्या गालाला नाक लावून तिने खोल श्वास घेतला, डोळे पुसले. तेवढ्यात मागे गिऱ्हाइकाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आई, तू आत बस, मी आलेच."

त्या 'आलेच'वर म्हातारी कितीतरी दिवस आतल्या खोलीत बसून राहिली. केलेरा मधूनच चहा नेऊन द्यायची, उशी सारखी करायची आणि पळायची. ऑगस्टात चर्चची मोठी परिषद, तिथे गाण्याच्या स्पर्धा, आणि गाणाऱ्या सगळ्या बायकांचे कपडे पाळकीणबाईंनी तिच्या गळ्यात घातलेले. मशीन थांबतच नव्हतं. भिंतीपलीकडे आई आहे आणि आपण कुठल्याशा नवरीच्या काकीच्या जावेच्या गळ्याची खोली विचारतोय, हे तिला कळत होतं. मला म्हणायची, "लोसा, मला या खुर्चीत कुणीतरी शिवून टाकलंय."

एका सकाळी उनाइसीने केस विंचरले, कानामागे फूल खोवलं, मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घातला आणि पुढचं फाटक ढकलून आत आली. काखेत पांढरं कापड. चटईवरच्या शेवटच्या बाईमागे जाऊन बसली.

"अहो मावशी, तुम्ही तर घरच्याच ना!" एकजण हसली.

"घरच्यांचा नंबर लागत नाही इथे," म्हातारी म्हणाली. "म्हणून गिऱ्हाईक होऊन आले."

सगळ्या खो खो हसल्या. केलेराही हसली, पण मान खाली घालून.

दुपारी नंबर लागला. केलेराने टेप उचलली आणि गिऱ्हाइकाला विचारते तोच पहिला प्रश्न तिच्या तोंडून निघाला, "कधी हवंय?"

"तारीख कुणी सांगितलेली नाही."

"पांढरं म्हणजे चर्चसाठीच असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"चर्चसाठीच," उनाइसी म्हणाली. "मला उचलून नेतील ना, तेव्हाचा आहे. गळा बंद ठेव आणि बाह्या लांब कर. हात फार वाळलेत, लोकांना दिसायला नकोत."

 केलेराने आईच्या कमरेभोवती टेप घातली, आकडा पाहिला, टेप सोडली आणि पुन्हा घातली. मग तिथेच गुडघ्यांवर बसली.

"आई, काय झालंय तुला?"

"नर्सने सांगितलंय काहीतरी. ते सांगते नंतर. आधी खांदा घे, मागे बायका खोळंबल्यात."

साकिउसाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बेटावरच्या नर्सचंच बोलणं जरा लांबवून सांगितलं. करण्यासारखं काही नव्हतं. चटईवरच्या बायका त्या दिवशी गुपचूप उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कापड घेऊन परत आल्या. त्यांच्या लग्नांना तारखा होत्या.

पांढरा झगा बेतून झाला आणि कपाटावर पडून राहिला. ज्याला तारीख नाही ते काम सगळ्यात खाली जातं, हे शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. उनाइसी रोज पुढच्या फाटकाने यायची, चटईवर बसायची, आणि केलेरा म्हणायची, "उद्या देते, आई." मी चकित झाले. जन्मात या बाईने कुणाला 'उद्या' म्हटलं नव्हतं. मयतवाल्यांना नाही, पाळकीणबाईंना नाही. म्हटलं तर आईला! मला इतका राग आला की त्या दिवशी मी बटणं उलट्या बाजूला लावली आणि सगळी उसवत बसले.

परिषद झाली, आमच्या बायका गाऊन आल्या, कपड्यांचं फार कौतुक झालं. आता तरी होईल म्हणून मी वाट पाहिली. उनाइसी चटईवर आली.

"उद्या देते, आई. बाह्या राहिल्यात."

म्हातारी आत गेल्यावर मी कपाटावरचा झगा काढला. गळा झालेला, घेर झालेला, खालची हातशिलाईसुद्धा तिने स्वतः केलेली, माझ्याहून बारीक टाक्यांची. बाह्या बेतून, कच्ची टीप मारून तशाच टाचलेल्या. तासाभराचं काम.

"केलेरा, हे काय आहे?"

"तू तुझी बटणं लाव ना गं."

"तास लागेल याला!"

"माहीत आहे." तिने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. "दिला की ती बोटीत बसणार. तिने सांगितलंय मला, मरायला गावात जायचंय म्हणून. दिला नाही तर रोज येऊन बसते. माझ्यासमोर बसते, लोसा."

 मी दोरा ओवत बसले, तो काही केल्या सुईत जाईना.

पण म्हातारीने शिवणारणीची आई म्हणून जन्म काढलेला. दुसऱ्या दिवशी ती चटईवर बसली नाही, सरळ मशीनपाशी आली. चालताना आता भिंतीचा आधार लागत होता. खोली बायकांनी भरलेली, पाळकीणबाई कुठल्याशा बारशाचं कापड उलगडत होत्या.

"झाला?"

"उद्या देते, आई."

"अख्ख्या गावाला हो म्हणतेस," उनाइसी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आणि नाही म्हणायला मीच एकटी सापडले का गं तुला?"

 पाळकीणबाई हातातलं कापड घडी करायला लागल्या, पण घडी काही जमेना. मग केलेरा उठली. बायकांना म्हणाली, "आता सगळ्यांनी घरी जा." तेवढंच. विनंती नाही, कारण नाही. बायका उठल्या, चपला शोधू लागल्या. तिने त्यांच्यामागे फाटकाला साखळी घातली, कपाटावरचा झगा काढला आणि बाह्या लावायला बसली. मधे कुणीतरी फाटक वाजवलं, नावाने हाका मारल्या. तिने मानही वळवली नाही. तिच्या पायाशी चटईवर उनाइसी कलंडून पडली होती आणि कच्च्या टिपेचे धागे एकेक करून ओढून काढत होती.

बोटीच्या दिवशी मी धक्क्यावर गेले. साकिउसाने सासूला पाठीवर घेऊन फळीवरून आत नेलं. मागून केलेरा, हातात झग्याचं बोचकं, काखेत स्वतःच्या कपड्यांची पिशवी. मशीनवर चादर घालून आली होती. घराची किल्ली तिने माझ्या हातात दिली. कामांचं काय, कुणाला काय सांगायचं, काही बोलली नाही. फक्त माझ्या गालाला नाक लावलं आणि गेली.

आता बायका माझ्या दारात येतात. माझ्या फाटकाला तर साखळीही नाही. काल पाळकीणबाई आल्या, हातात यंगोनाची मुळी. मी हात मागे घेतले. त्या बराच वेळ केलेराच्या बंद फाटकाकडे, त्या निळ्या पाटीकडे बघत उभ्या राहिल्या.

"कधी येणार गं केलेरा?"

"तारीख कुणी सांगितलेली नाही," मी म्हटलं.

पाळकीणबाईंनी मुळी काखेत घेतली आणि परत गेल्या.