रजईतला बिब्बा

थंडीचे दिवस गोड असतात असं म्हणणाऱ्यांच्या घरी पांघरूण पुरेसं असणार. माझ्या लेखी थंडी म्हणजे वास. दसरा झाला की माळ्यावरची पांघरुणं खाली यायची आणि त्यांच्यासोबत उंदराच्या लेंड्या, वाळलेली झुरळं, गेल्या वर्षीच्या मुताचे पिवळे डाग आणि ढेकूण. झुरळं मेलेली असायची, ढेकूण कधी मेलेले सापडले नाहीत. बुऱ्हाणपुरात तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं, पण आमच्या गल्लीत ते ढेकणांचं होतं.

घरात आम्ही चौघं होतो: सासरे, सासू, माझा नवरा आणि मी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे आणि नवरा लालबागेकडच्या एका जिनात कामाला होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवसभर कापसात बुडालेली माणसं, आणि घरात अंगावर घ्यायला कापूस नाही. जुन्या रजया होत्या तीन. त्यांच्यातल्या कापसाचे गोळे होऊन ते कोपऱ्यात जाऊन बसले होते आणि मधे नुसती खोळ उरली होती. अंगावर घेतलं की गुडघ्यावर दगड आणि पोटावर वारा.

थंडीची तयारी आत्याबाई करायच्या आणि मी राबायची. बाजा, म्हणजे खाटा, अंगणात काढून त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं. ढेकूण फुगून वर येत, त्या पाण्याला रक्ताचा वास येई, आणि ते रक्त आपलंच हे डोक्यातून जात नसे. खोळी पापडखारात उकळायच्या. त्या पाण्याचा रंग कसा असे ते सांगत नाही, जेवून बसला असाल. गोवऱ्या थापून रचायच्या, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे आणून भिंतीला लावायचे, की त्यांच्यात विंचू. खिडकीला बांबूच्या तट्ट्या होत्या, त्यांच्या फटीत चिंध्या कोंबायच्या. गावातल्या जुन्या घरांची कौतुकं मी नंतर खूप ऐकली. आमच्या घराच्या भिंतीतून थंडीत पाणी पाझरायचं आणि त्याला मोरीचा वास यायचा.

ज्या थंडीची ही गोष्ट आहे तिच्या दोन वर्षं आधी पौषात माझी पहिली मुलगी गेली. सात महिन्यांची होती. छाती भरली. रजई होती तिच्या अंगावर, त्या तीनमधलीच एक. सकाळी रजई ओली होती आणि पोर गार. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आत्याबाईंनी कापसाची वाट धरली. जसोंडीला त्यांच्या भावाचं शेत होतं. वेचणी संपल्यावर झाडावर जो उरलासुरला कापूस राहतो तो वेचायला त्या जाऊ लागल्या. चालत जायच्या, ओटीत कापूस घेऊन चालत यायच्या. सगळा उन्हाळा दुपारी बसून बोटांनी एकेक सरकी काढली. जिनातली रुई कितीही स्वच्छ म्हणा, तिच्यात सरकीचे तुकडे राहतात, आणि सरकी राहिली की उंदीर आलाच. आत्याबाईंच्या कापसात एक तुकडा नव्हता. त्यांच्या बोटांची कातडी सोलली होती, त्याच बोटांनी त्या भाकरी थापायच्या.

भाद्रपदात मला मुलगा झाला. मी माहेरी होते, पण सव्वा महिना होतो न होतो तोच सासरे अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला आणि मी परत आले. रजई तयार होती. मऊ, जाड, लाल खोळीची. एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता. आत्याबाईंनी डब्यातून एक बिब्बा काढून माझ्या हातावर ठेवला.

"काळ्या दोऱ्यात बांध आणि आत शिव. पोराला दिठ नको लागायला. नीट शिव, फुटला तर उतेल. घरात हा एकच उरलाय."

बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडीवर फोड येतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मी तो कापसाच्या बोळ्यात गुंडाळला आणि कोपऱ्यात शिवून टाकला.

आठ दिवसांनी सासरे गेले.

तेराव्याला शय्यादान. मेलेल्या माणसाला वर झोपायला लागतं म्हणून खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, जोडा, कंदील असं सगळं क्रियाकर्म करणाऱ्या महाराजांना द्यायचं. म्हणजे जे सासऱ्यांना जिवंतपणी एकदम कधी मिळालं नाही ते. हयातभर त्यांचा जोडा टाचेला फाटकाच होता. आत्याबाईंनी जुन्या तीन रजयांतली बरी बघून खाटेवर ठेवली. महाराजांनी तिचा काठ दोन बोटांनी उचलला आणि सोडून दिला, मेलेली पाल सोडावी तसा.

"हे काय, बाई? यजमानांना वर थंडी वाजेल."

"हीच आहे, महाराज."

"आत दोरीवर लाल दिसते ती?"

"ती लेकराची आहे."

"लेकराला काय, आईची कूस आहे. यजमानांना कोण आहे तिथं? स्वप्नात येऊन मागतील हो. मग मला बोलावू नका."

चार नातेवाईक बसले होते. एक म्हातारी म्हणाली, "द्या वं माय. मेलेल्याचा जीव अडकवू नये." माझा नवरा मुंडण केलेलं डोकं खाली घालून जमिनीकडे बघत बसला. त्याला बोलायचं असलं की तो नेहमी जमिनीकडेच बघायचा. आत्याबाई उठल्या, दोरीवरची रजई काढली आणि खाटेवर घातली. महाराजांनी हात फिरवून पाहिला. खाट हातगाडीवर चढली. त्यांनी जाताना लाडू बांधून मागितले.

संध्याकाळी आत्याबाईंना आठवलं. "अगं, बिब्बा! पोराचा बिब्बा मुडद्यासंगं गेला." आणि त्या कपाळावर हात मारून बसल्या. मला बिब्ब्याचं काही वाटलं नाही. मला कापसाचं वाटलं. थंडी दाराशी आली होती.

नवऱ्याने जिनातून झाडण आणलं. जिनाच्या फरशीवरचा कापूस झाडून पोत्यात भरतात ते. काळं पडलेलं, यंत्राच्या तेलाने चिकट, सरकीचा चुरा, चिरडलेल्या अळ्या, कोणाच्या तरी पानाची पिंक. पोतं सोडलं आणि मी पदर नाकाला लावला. तेच पिंजून भरायचं म्हणून पिंजाऱ्याला बोलावलं. म्हातारा पिंजारी दरसाल गल्लीत यायचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. त्याने पोत्यात हात घातला आणि कुडत्याला पुसला.

"काकी, ये रुई नाही. ये चूहों का बिछौना आहे. दोन दिवसांत उंदीर बच्चे के कान खातील."

"मग काय घालू, भाई? माझं डोकं?" आत्याबाई म्हणाल्या.

तो जरा घुटमळला. म्हणाला, त्याच्याकडे एक गठ्ठा आहे, कोणीतरी रजई मोडायला दिली, खोळ त्यांनी ठेवली आणि रुई त्याला विकली. साफ आहे. पऱ्हाट्यांचे भारे आणि गोवऱ्या दिल्या तर घेऊन येतो, त्याच्याही घरी चूल आहे. आत्याबाईंनी भिंतीला लावलेल्या भाऱ्यांकडे पाहिलं. निम्मं जळण द्यायचं होतं. त्या "आण" म्हणाल्या आणि पाण्याला निघून गेल्या.

चाचाने अंगणात कापूस पसरला, पिंजायच्या धनुकलीची तार लावली आणि सुरू झाला. मी उंबऱ्यात पोराला पाजत होते. कापूस पांढरा होता, लख्ख. सरकीचा तुकडा नव्हता. मी बघतच राहिले. तेवढ्यात तार टणकन वाजली, काहीतरी काळं उडालं आणि फरशीवर घरंगळत माझ्यापाशी आलं. काळ्या दोऱ्यातला बिब्बा.

तेराव्याला दहा दिवसही झाले नव्हते. महाराजांनी लाल खोळ ठेवून रुई विकून टाकली होती. सासरे वर कशात झोपले असतील ते असो.

अंगणाच्या दारात हंडा वाजला. आत्याबाई आल्या. दान दिलेलं परत घरात घेणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप, त्यातून मुडद्याचा कापूस लेकरावर. कळलं असतं तर गठ्ठा तिथल्या तिथे बाहेर गेला असता, आणि पोराच्या अंगावर ते झाडण आलं असतं. मी अनवाणी पाय बिब्ब्यावर ठेवला आणि दाबला.

चाचाने पाहिलं. आत्याबाई मोरीकडे गेल्यावर मी हळूच विचारलं, "चाचा, कोणाची रजई होती?"

"बहू, मेरे को रुई पूछो. रुई की जात मत पूछो." आणि त्याने तार परत वाजवली.

माझ्या दोन जुन्या लुगड्यांची खोळ केली. ती इतकी विटकी होती की रजई नवी वाटत नव्हती, पण ऊब होती. पोरगा पहिल्यांदा सलग झोपला. आत्याबाईंनी कापूस भरताना चिमटीत धरून बघितला आणि भरत राहिल्या. मला वाटलं, निभावलं.

तिसऱ्या दिवशी माझा तळपाय उतला. आधी खाज, मग फोड, मग ते फुटून पिवळं पाणी. मी पाय ओढत चालायची आणि काटा लागला म्हणून सांगायची. आत्याबाईंनी एका दुपारी पाय धरून उलटा केला. खोबरं आणि तीळ तोंडात घालून चावले आणि तो लगदा माझ्या पायावर थुंकला. बिब्ब्यावर आमच्याकडे हाच उपाय. मला शिसारी आली, पण त्याहून मोठी भीती वाटली, कारण काट्यावर कोणी खोबरं लावत नाही.

"घरात एकच होता," त्या म्हणाल्या.

मी पाय मागे ओढला, त्यांनी सोडला नाही.

"कुठं सापडला?"

"कापसात."

त्या उठल्या. पोराच्या अंगावरची रजई ओढली आणि अंगणात गेल्या. दिवस कलला होता, गार वारा सुटला होता. पोरगा जागा होऊन रडायला लागला आणि रडता रडता त्याला खोकला आला. लहान, कोरडा, दोनदा. तसाच खोकला आम्ही दोघींनी आधी ऐकलेला होता. आत्याबाई रजई छातीशी धरून अंगणाच्या दाराबाहेर एक पाय टाकून उभ्या होत्या. मी उठू शकत नव्हते, पायावर लगदा होता. मी म्हटलं, "टाका. आणि मग त्याला तुम्हीच पुरा. पहिलीला पुरायला मी माझ्या हातानं दिलं होतं."

असं मी सासूला बोलले. याची मला लाज नाही.

त्या आत आल्या. रजई पोरावर घातली, काठ खाली खोचला. म्हणाल्या, "माझ्या बोटांचा कापूस मला कळणार नाही असं वाटलं होय तुला? भरतानाच कळला होता. पण नक्की नव्हतं तोवर बरं होतं."

त्यानंतर त्यांनी ती रजई एकदाही अंगाला लावली नाही. त्या सबंध थंडीत झाडणाच्या पोत्यावर झोपल्या. केसांत सरकीचा चुरा, अंगाला तेलाचा वास, आणि एकदा खरंच उंदराने त्यांच्या पायाचं बोट कुरतडलं. मी म्हटलं, रजईत या. म्हणाल्या, "पोराचं पाप नाही, ते लहान आहे. माझं होईल."

पौषात सासऱ्यांच्या मासिक श्राद्धाचा शिधा न्यायला महाराज आले. पोरगा अंगणात उन्हात रजईवर पडला होता, गालावर मांस आलं होतं. महाराज वाकले.

"नवीन केली वाटतं? उबदार दिसते."

"हात लावून बघा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी हात फिरवला, तेराव्याला फिरवला होता तसाच. "वा. हातानं सरकी काढलेली आहे. असा कापूस आता मिळत नाही."

"नाही मिळत. एकदाच मिळतो. आम्हाला दोनदा मिळाला."

महाराजांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो उपरण्याला पुसला, शिध्याच्या ताटाकडे वळले आणि विचारलं, "तूप नाही ठेवलं?"

"तूप यजमानांकडं वर धाडलंय," आत्याबाई म्हणाल्या. "माघारी आलं की देते."

महाराज शिधा घेऊन गेले. पुढच्या महिन्यात आले नाहीत, त्यांनी मुलाला पाठवलं. पोरगा त्या थंडीतून निघाला आणि पुढच्याही. दान परत घेतल्याचं पाप कोणाला लागलं ते मला ठाऊक नाही. ढेकूण मात्र दुसऱ्या वर्षी त्या रजईतही झालेच.