अक्का बोलतेय

आमच्या टिटवीला हे नाव पडलं ते तिच्या आवाजामुळे. जन्मली तीच असा काही टाहो फोडत की नर्स म्हणाली, बाई, मुलगी झालीय की टिटवी. सासूबाईंना नाव अपशकुनी वाटायचं. मी म्हटलं, असू दे, हरवली तर निदान आवाजावरून सापडेल. मोठी झाली तरी तेच. एका दमात चार विषय, आणि बोलायला लागली की वरच्या मजल्यावरचे लोक ओळखायचे, आली कॉलेजातून.

मी कपडे अल्टर करते. लोकांच्या पँटींच्या कमरा सैल करण्यात माझी निम्मी हयात गेली. नवरा गेल्यावर ह्याच शिवणाच्या मशीनच्या जिवावर टिटवीला शिकवलं. तिने साहित्य घेतलं, एम.ए. केलं, विद्यापीठात दुसरी आली. कपडे टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, आता पुढे काय? मी म्हणायचे, पुढे काय म्हणजे? तुमच्या चिरंजीवांनी कॉमर्स करून कुठे दिवे लावले? पण बाई गेली की मलाही तोच प्रश्न पडायचा.

कारण पोरीने उंबरे झिजवले हो. वर्तमानपत्र, प्रकाशक, जाहिरातवाले, शाळा, काही सोडलं नाही. सगळीकडे घोडं एकाच जागी अडायचं. अनुभव. शिकताना कुठे काहीच काम केलं नाही का, असं विचारायचे, आणि ते अशा सुरात की पोरगी इतकी वर्षं नुसती लोळत पडली होती. अहो, कुणी ठेवून घेतल्याशिवाय अनुभव काय बाजारात किलोवर मिळतो?

संग्रहालयात मात्र तिच्या मनासारखी जागा होती. आलेल्या लोकांना जुन्या वस्तूंची माहिती सांगायची. टिटवी त्या कामासाठीच जन्मली होती, असं मला अजून वाटतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही ती आवडली. पण नियम तो नियम. त्या म्हणाल्या, कुठेही एक वर्ष नोकरी कर आणि ये, पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघेल. तेव्हापासून आमच्या घरात त्या एका वर्षाचाच जप सुरू झाला.

आजारी माणसासाठी खाटा, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशीन भाड्याने देणारं एक दुकान आहे. दोन खोल्या, मागे गोदाम, पुढे टेबलावर एकच फोन. त्या फोनवर बसायला मुलगी हवी होती. मालकाने विचारलं, असं काम कधी केलंयस? टिटवीने मान खाली घालून नाही म्हटलं.

"मग चालेल," तो म्हणाला. "काम केलेल्या मुली स्वतःचा आवाज घेऊन येतात."

भानगड अशी होती. त्या खुर्चीत पूर्वी मालकाची थोरली बहीण बसायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. गिऱ्हाइकं म्हणजे अंथरुणाला खिळलेली माणसं, नाहीतर त्यांचं करून करून थकलेली घरची. मशीन एक वेळ बंद पडलेलं चाललं असतं, पण त्यांना अक्का लागायची. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, जेवलात का? मग बाकीचं. ती वारली तेव्हा मालकाने कुणालाच कळवलं नाही. धंदा बसला असता. तेव्हापासून त्या खुर्चीत जी बसेल ती अक्का, असा तिथला रिवाज. तिथे दुसरी कुणी मुलगी आहे का, असं कुणी संशयाने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं. छे हो, इथे मी एकटीच असते.

अक्काच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग दुकानात होतं. आधीच्या मुलींनी ते थोडंफार ऐकून सोडून दिलं. आमच्या बाईसाहेबांनी त्याचा अभ्यास केला. अक्का कुठे थांबते, कुठला शब्द गिळते, कशाला हसते आणि कशाला नाही. कविता उलगडून दाखवावी तसं मला समजावून सांगायची. म्हणाली, आई, शेवटी एम.ए. कामी आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी शेजारणीला मुद्दाम बोलावून सांगितलं.

हळूहळू घरातला गोंगाट कमी झाला. मी म्हटलं, दिवसभर बोलून दमत असेल. मग ती सावकाश बोलायला लागली, वाक्याआधी घसा खाकरायला लागली. खुर्चीतून उठताना गुडघ्यावर हात ठेवायची. अक्काचे गुडघे दुखायचे म्हणे. हे रेकॉर्डिंगमध्ये कसं ऐकू आलं तुला, मी विचारलं. म्हणाली, उठताना तिचा श्वास बदलतो. मी हसण्यावारी नेलं. पण एके दिवशी मी मशीनवर होते, आणि मागून एक पोक्त, मऊ आवाज आला, जेवलात का? वळून पाहिलं तर दारात टिटवी, हातात चपला. स्वतःच्या आईला अहोजाहो. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

सोड ती नोकरी, मी म्हटलं. ती म्हणाली, वर्ष भरू दे, मग मी माझी मोकळी. आणि मी विषय सोडून दिला, कारण ते वर्ष मलाही हवं होतं.

वर्ष भरलं. मालकाने अनुभवाचं पत्र दिलं, तो काही वाईट माणूस नव्हता. संग्रहालयात पुन्हा मुलाखत झाली. बाई म्हणाल्या, आता फक्त दुकानात एक फोन करून खात्री करून घेते, की झालं. मी हौसेने पोरीसाठी नवा कुडता शिवायला घेतला.

त्या दिवशी टिटवी घरी आली आणि चपला न काढता भिंतीला टेकून उभी राहिली. संग्रहालयातून फोन आला होता. दुकानात फोन एकच, आणि उचलणारी ही एकटी. बाईंनी तिचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, ही मुलगी तुमच्याकडे काम करते का?

"मी म्हटलं, छे हो, इथे मी एकटीच असते," टिटवी म्हणाली. "आई, मला माझं नाव ओळखूच आलं नाही. फोन ठेवल्यावर आठवलं."

अगं मग लगेच परत फोन करायचास, मी ओरडले. केला होता. त्या बाई म्हणाल्या, तिथल्या वयस्कर बाईंनी तू तिथे नाहीस म्हणून स्पष्ट सांगितलंय, मी विश्वास कुणावर ठेवू? मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, बघतो. त्याने काय बघायचं? संग्रहालयाला खरं सांगितलं असतं तर अक्का गेली हेही सांगावं लागलं असतं. आठवड्याभरात संग्रहालयाने दुसरी मुलगी घेतली. कुडत्याच्या बाह्या तशाच राहिल्या.

टिटवी रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्याच दुकानात वेळेवर जाऊ लागली. घरात तर आता चमच्याचाही आवाज होत नाही.

शेवटी माझं डोकं फिरलं. दुकानाची लाइन अडवायची नाही असं तिने मला बजावून ठेवलं होतं, म्हणून मी तिथे कधी फोन केला नव्हता. परवा भर दुपारी केला. ठरवलं होतं, चांगली खरडपट्टी काढायची आणि उठवून घरी आणायची. तिकडे कुणीतरी घसा खाकरला.

"मी टिटवीची आई बोलतेय," मी म्हटलं. "तिला जरा बोलवा."

पोटच्या पोरीला बोलवा म्हटलं मी. माझं मलाच नंतर कळलं.

"तिला वेळ लागेल," अक्का म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, नाही हो अक्का, पोरीच्या काळजीने घासच उतरत नाही बघा.