चुलीपुढचा दिवा

यमूअक्का रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरे. समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागे आणि एकदा वाकल्यावर सुटका नसे. नंदुरबारच्या त्या घरात ती माझी थोरली जाऊ. मी तळोद्याहून लग्न होऊन आले, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात मला सांगून ठेवलं, "आठे रडू नको. डोयाले पानी उनं ते धूर लागना म्हनतस, कोनी इचारस नई."

आमचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. खिडकी नाही, छताजवळ हातभर झरोका. दुपारीही चिमणी लावावी लागे. लढाईच्या काळात रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा जे होतं ते सासऱ्यांच्या बैठकीतल्या कंदिलाला जाई. सासऱ्यांना सगळे जिभाऊ म्हणत. मिरचीचे मोठे व्यापारी. आम्ही जाळाच्या उजेडात भाकरी थापायचो. अशाच अंधारात एकदा अक्काच्या हातावर उकळतं वरण सांडलं. कोपरापर्यंत कातडी गेली. जिभाऊ बाहेरून म्हणाले, बायकांनी जरा बघून काम करावं. कशाने बघावं, ते त्यांनी सांगितलं नाही.

लढाई संपली आणि गावात विजेचे खांब उभे राहिले. जिभाऊंनी घरात वीज घ्यायचं ठरवलं. दिवे कुठे, तर बैठकीत, ओट्यावर आणि मिरचीच्या कोठीत. अक्काने नवऱ्याकरवी विचारलं, चुलीपुढे एक मिळेल का. उत्तर आलं, भाकर काय अंधारात तोंड चुकते का?

पण खांब होता मागच्या गल्लीत. वायरमनने घर पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने खूण केली. तार तिथूनच आत येणार होती. तो पहार घेऊन आला, तर अक्का त्या खुणेला पाठ लावून उभी. डोक्यावर पदर, मान खाली.

"मन्ही भितमाईन तार जाई, आन मन्ह्या चुल्हावर अंधार ऱ्हाई? मी भोक पाडू देवाव नई."

वायरमन बिचारा जिभाऊंकडे गेला. माझे थोरले दीर अंगणातच होते. ते चपला घालून बाजारात निघून गेले. जिभाऊंनी काय करावं? तार धाब्याच्या छतावरून, पार लांबून वळवून बैठकीत नेली. दुप्पट तार लागली. तेवढी तार चालली, पण चुलीपुढे एक दिवा नको. आजही ते आठवलं की माझ्या कानशिलात रक्त चढतं.

बैठकीत दिवा लागला त्या संध्याकाळी जिभाऊंनी चार व्यापारी जेवायला बोलावले होते. सगळे वर काचेकडे बघत बसलेले. अक्का आतून सुटी चूल उचलून आली, दिव्याच्या बरोबर खाली मांडली, सरपण लावलं आणि परातीत पीठ घेतलं. पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवर धूर चढू लागला. पाहुणे खोकू लागले.

जिभाऊंनी विचारलं, हे काय चाललंय. सासऱ्यांशी ती आजवर थेट बोललेली नव्हती. ती इतक्या हळू बोलली की त्यांना वाकावं लागलं.

"उजेड आठे शे, मंग भाकर बी आठेच व्हई."

दुसऱ्या दिवशीही चूल तिथेच पेटली. बैठकीचा चुना काळवंडत गेला, तसा वायरमन पुन्हा आला.

चुलीपुढे दिवा लागला, तेव्हा मला वाटलं अक्का हसेल. तिने वर पाहिलं. तुळयांवरून काजळीच्या जाड दोऱ्या लोंबत होत्या, भिंती डांबरासारख्या. पिठात अळ्या वळवळत होत्या. तिने स्वतःच्या हाताची आखडलेली कातडी उजेडात धरून पाहिली. मग जिभाऊंना बोलावणं पाठवलं. ते उंबऱ्याशी आले.

"दखा," ती म्हणाली. "आम्ही कोठे ऱ्हायनूत, ते दखा."

जिभाऊ तसेच मागे फिरले.

पुढे काही वर्षांनी खोकल्याने तिची छाती भरली आणि ती गेली. दहाव्याला बैठकीत पुरुष बोलत होते, अक्का म्हणजे गाय होती, कधी कोणावर रागावली नाही. मी दारात उभी होते. तोवर त्या बैठकीत मी तोंड उघडलं नव्हतं.

"ती तुम्हनावर चिडेल व्हती," मी म्हणाले. "मरेपावत चिडेल व्हती. आन बराबर चिडेल व्हती."