सरदाराचा मोडका पाय

ती मालिका समुद्रावरच्या लुटारूंची होती. उत्तरेकडच्या थंड मुलखातले व्हायकिंग, लांब दाढ्या, हातात कुऱ्हाडी, आणि तोंडी मात्र चोख हिंदी, कारण आमच्या टीव्हीवर ती डब केलेली यायची. पहिले दोन भाग मला बरे वाटले. तिसऱ्यापासून डोकं उठायला लागलं.

माझा धंदाच तसा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात आणि मापात न बसणारा भाग मी लाल पेटीत टाकते. दिवसभर खोट काढून घरी आलेल्या बाईसमोर त्या लुटारूंच्या सरदाराचं जहाज अख्खा समुद्र ओलांडतं आणि तेवढ्यात तिचा चहासुद्धा उकळलेला नसतो, तर तिनं काय करावं? गुडघाभर बर्फ आणि हे गडी उघड्या अंगानं हिंडणार. शत्रूनं गढीत दार लावून ठरवलेला बेत यांना लगेच ठाऊक, तो सांगितला कुणी हे कुणी विचारायचं नाही. आणि ती मेंढरं! माझं माहेर-सासर दोन्ही पैठणकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं, त्यामुळे माझी नजर तिथंच जायची. त्या अख्ख्या गावात मेंढरं तीन. दर विजयाला एक कापायचे आणि पुढच्या भागात तिन्ही जागेवर हजर. कोकरू म्हणून एक दिसलं नाही.

हे सगळं मी मोठ्यानं बोलायची. ह्यांना राग यायचा. बघायचं नसेल तर बघू नको, म्हणायचे. पण टीव्ही एक, बसायची खोली एक आणि हे त्या खोलीतून हलण्यासारखे नव्हते.

ह्यांचा पाय मोडला होता. कामाला जाताना मोटरसायकल खड्ड्यात आदळली आणि नडगीचे तुकडे झाले. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून रॉड टाकू. मी हो म्हणाले. तेवढ्यात थोरले दीर गावाहून एसटीनं येऊन पोचले. चिरफाड कशाला, म्हणाले, आपल्या घरात काय कमी हाडं बसवलीत?

आमच्यात मेंढराचा पाय मोडला तर घरीच बसवतात. हाड चाचपून जुळवायचं, त्यावर अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ थापलेली पट्टी गुंडाळायची, भोवती बांबूच्या कामट्या लावून दोरीनं आवळायचं. दिरांचा हात त्यात खरंच चांगला. त्यांनी बसवलेली मेंढरं कळपाबरोबर डोंगर चढलेली मी पाहिली आहेत. पण मेंढराला पाय चार. एक उणा पडला तर तिनांवर भागतं आणि नाहीच भागलं तर त्याला कापून खातात. हे मी दवाखान्याच्या जिन्यात बोलले. बायांनी मधी बोलू नाय, असं दीर म्हणाले. ह्यांनीही भावाचंच ऐकलं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं सांगून दोघं भाऊ घरी आले, आणि पाय बांधेपर्यंत मला बाहेर थांबवलं.

मग ती मालिका सुरू झाली. एका भागात सरदार गढीच्या भिंतीवरून पडला आणि त्याचीही नडगी मोडली. एका म्हातारीनं पायाला दोन काठ्या बांधल्या, पाला चोळला, काहीतरी पुटपुटली. हे गादीवर उठून बसले. तिकडंबी आपल्यासारखंच करतेत बघ, म्हणाले, आणि तो तुकडा मागं नेऊन परत लावला. पुढच्या भागात सरदार डावा पाय ओढत होता. त्याच्या पुढच्यात उजवा. नंतर दोन्ही ठणठणीत, आणि गडी दोर धरून कडा चढतोय. मी चडफडत भाकऱ्या थापत होते. एवढा खर्च करून मालिका काढतात आणि कुठला पाय मोडला ते लक्षात ठेवायला एक माणूस ठेवत नाहीत.

आमच्या घरच्या कामट्या सोडल्या तेव्हा हाड जुळलं होतं, पण वाकडं. पाय आखूड झाला होता, पाऊल बाहेर फिरलं होतं. माझ्या टेबलावर आला असता तर लाल पेटीत गेला असता, असं मनात आलं आणि मी स्वतःलाच शिव्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. जुळलेलं हाड परत मोडायचं, सरळ करायचं, रॉड टाकायचा. फार थांबू नका. ह्यांचं काम कारखान्यात मशीनपुढं उभं राहायचं. त्या पायावर आठ तासांची पाळी निघणं शक्य नव्हतं. म्हणजे ऑपरेशन झालं तर माणूस कामाला लागणार, नाहीतर तो जन्मभर घरात बसणार, इतकं सरळ होतं. दिरांचं येणं कमी झालं. चालतोय ना, मग झालं तर, असं फोनवर म्हणाले. त्या दिवशी मी फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

ह्यांना विचारलं की एकच उत्तर. एवढा सीझन संपू दे. मी मनात म्हणायची, माझा संसार आता त्या दाढीवाल्याच्या हातात.

शेवटच्या भागात सरदारानं जहाजावरून उडी मारली आणि कुऱ्हाड घेऊन किनाऱ्यावरून धावत सुटला. हे टक लावून बघत होते. माझा संयम सुटला.

"अहो, त्याचा पाय मोडलेलाच नव्हता. नट आहे तो. काम झालं की चालत घरी जातो."

ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मला कळत नाय व्हय? दादानं हाड बसवलं तवा तू बाहेर होतीस. मी तोंडात फडकं कोंबलं होतं. तुला ऐकू जाऊ नाय म्हणून. मोडलेला बसवताना एवढं झालं. आता बसलेला मोडायचा म्हणतेत." मग म्हणाले, "म्हणून बघत होतो. ह्याचा तरी कुणी परत मोडतंय का."

मी म्हणाले, भूल देतात, काही कळत नाही.

"अन् शुद्धीवर आल्यावर?"

सरदाराचा राग होता तो होताच, दिरांचा त्याच्या दसपट, आणि ह्यांच्यावर मात्र आता धड रागावताही येईना. पुढचा सीझन आलाय. ह्यांनी तो लावलेला नाही, आणि डॉक्टरांकडे चला असं त्या दिवसापासून मीही अजून म्हणालेले नाही.