नंबर

ऑक्टोबरात जंगल पावसाळ्यानंतर पर्यटकांसाठी नुकतंच उघडलेलं असतं आणि दिवाळीची गर्दी यायची असते, म्हणून मुद्दाम तेव्हाच गेलो. फाटकाशी खाकी सदऱ्यातले गाईड ओळीनं बसले होते.

"कोणीच नाही, किती छान!" मी मोठ्यानं म्हणालो.

आमच्या जिप्सीत चढणारा गाईड हसला. "बऱ्याच दिसानं नंबर लागला जी माझा."

आत वाटेवरची कोळ्यांची जाळीसुद्धा अजून कुणी तोडली नव्हती. मला हवी होती तीच ही शांतता. ती बाहेर कामाची वाट बघत ओळीनं बसलेली असते, हे मनात आलंच नव्हतं.

दुपारी, जिप्सीत विसरलेली टोपी घ्यायला फाटकाशी परत गेलो. माझी गाडी दिसताच सगळे गाईड उठले, सदरे नीट केले. मी काच खाली केली.

"टोपी राहिली माझी."

ते पुन्हा बसले, आपापल्या नंबरानं.