दुसरी फोडणी

मोहरी करपल्याचा वास आला की मला नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रातलं स्वयंपाकघर आठवतं. नोकरी लागल्यावर एकटीनं राहता यावं म्हणून आम्हा अंध बायकांना तिथं स्वयंपाक शिकवत. त्या दिवशी देवळ्याहून आई आली होती आणि नेमकी तिच्यासमोर माझी फोडणी करपली. आईनं लगेच माझ्या हातातली पळी काढून घेतली. शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाहेर बसा." मी कढई घासली, पुन्हा तेल तापवलं, मोहरीची तडतड कान देऊन ऐकली आणि वरणाला फोडणी दिली. पहिला घास खाऊन आई म्हणाली, "मीठ कमी पडलंय गं." तोवर मी काहीही केलं तरी घरातले सगळे छानच म्हणायचे. आता आई माझ्या खोलीवर जेवायला आली की आज काय कमी पडलं म्हणते, याकडे माझा कान असतो.